तीनशेएकावी

दारूखान्यात, साखळ्या विकणाऱ्या गाळ्याच्या वर,
पोटमाळ्यावर आमची पतपेढी.
खाली लोखंड तोलतात, वर हप्ते.
मोडीत निघालेल्या कुठल्याशा जहाजाचं घड्याळ भिंतीवर,
त्याला ओडेसाची वेळ लावलेली, कुणी बदलली नाही.

हरकाऱ्यांनी प्रोग्राम लिहिला तेव्हा मी बालवाडीत होते.
पास्कल. निळा पडदा, पिवळी अक्षरं.
सभासदांची रांग : एक ते तीनशे.
शून्यापासून मोजणं त्यांना पटलं नसावं,
पहिल्या माणसाला शून्य कसं म्हणायचं?
एका रांगेत नावं, शेजारच्या रांगेत शिल्लक.
इकडे सतराव्या कप्प्यात लॉरेन्स घोन्साल्विस,
तिकडे सतराव्यात त्याचे अकराशे चाळीस.
दोघी हातात हात घालून चालायच्या,
एकीचा पाय चुकला की दुसरीचा हिशेब गेला.

परवा ऑडिटर म्हणाले,
चहाचा खर्च दर महिन्याला बरोबर दोनशेच कसा?
सेक्रेटरी ढमाळ कपाकडे बघत राहिले.
साहेब, आम्ही तर साखरसुद्धा घरून आणतो.

रात्री साडेदहाला सापडलं.
फाइलीच्या अगदी डोक्यावर एक ओळ :
सीमा तपासू नको.
यंत्र सावकाश चालायचं तेव्हा, घाई होती.
रांग तीनशेला संपली
आणि संपली असं कुणी सांगितलंच नाही.
यशोदाबाई भोवड, गॅसकटर भोवडांच्या मागे राहिलेल्या,
चिंध्यांचे गठ्ठे निवडणाऱ्या, सभासद क्रमांक तीनशे एक,
पाऊल पुढे टाकून सरळ शेजारच्या दारात शिरल्या.
शेजारी राहत होता चहाखर्च.
सहा वर्षं. महिन्याला दोनशे.
कुठेही घंटा वाजली नाही.

सकाळी खाली रझीउद्दीनचाचा कडी जोडत होते.
विचारलं, किती कड्यांची साखळी?
म्हणाले, आधी कशाला ठरवू?
गिऱ्हाईक म्हणेल तिथे तोडायची.

मग मी रांगा मोडल्या.
एक कप्पा, त्यात नाव, नावाला चिकटून शिल्लक,
आणि तिसरं, पुढच्या माणसाचा पत्ता.
पास्कलमध्ये पत्त्याला कौलासारखी खूण लावतात,
वर छप्पर, खाली कोण राहतं ते जाऊन बघायचं.
पत्ता म्हणजे घर नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
कोळसा बंदरातली आमची खोली पाडली
त्यानंतर वर्षभर रेशनकार्ड तोच पत्ता सांगत होतं,
आणि टपालवाले कासकर
भिंत नसलेल्या दाराशी उभे राहून हाक मारायचे.
डिस्पोज लिहिताना म्हणून माझा हात थांबतो.
जागा परत जाते, चिठ्ठी तुमच्या मुठीत राहते,
आणि चिठ्ठीला काही माहीत नसतं.
मी खाली लगेच निल लिहिते. दोनदा तपासते.

जुन्या फाइलीत महिरपी कंसात हरकाऱ्यांची एक टीप होती,
रोमन अक्षरांत मराठी :
तीनशेच्या वर कुणी आलं तर मला कळवा.
पुढे सहा आकडी टेलिफोन नंबर.
मी तो लावून बघितला नाही.
टीप मात्र पुसली नाही.

एक तारखेला भोवडबाई आल्या, पदराला तेलाचा वास.
माझं नाव आलं का गं त्यात?
पडदा त्यांच्याकडे वळवला. नाव आलं होतं,
वीस अक्षरांच्या मापात शेवटचा ड सोडून.
भोव. बाई हसल्या, म्हणाल्या, पैसे तरी पुरे आहेत ना?
चौदा हजार चारशे. व्याज वेगळं.
त्यांनी बोटांवर मोजलं, माझ्यापेक्षा आधी उत्तर काढलं.
वीसचे तीस केले मी तिथल्या तिथे. ड घरी आला.

ढमाळांनी आनंदात सगळ्यांना चहा मागवला, सात कटिंग.
आता हे कुठल्या खात्यात टाकायचं
यावर समितीत अजून वाद चालू आहे.